ज्याला बोलता येत नाही, त्याला विचारायचे कसे?

वर्धा जिल्ह्यातील आर्वी आणि कारंजा या पट्ट्यात पशुवैद्यक म्हणून माझी बहुतेक नोकरी गेली. हा गवळाऊ जातीच्या गुरांचा मुलूख आहे. पांढऱ्या रंगाची, हलक्या अंगाची, पायाने चपळ आणि स्वभावाने तिखट अशी ही गुरे. त्यांना लस टोचायची तर आधी खोड्यात, म्हणजे जनावर हलू नये म्हणून केलेल्या अरुंद चौकटीत, घ्यावे लागते, आणि खोड्याच्या तोंडाशी आलेला बैल पुष्कळदा चारही पाय रोवून उभा राहतो. "लय आडमुठ्या हाय, डाक्टर सायेब," असे मालक सांगतो, वेसण ओढतो, दुसरा कोणी शेपूट पिरगाळतो, तिसरा तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचतो. माझ्या धाकट्या मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. तोही कधी शाळेच्या दारात, कधी लग्नाच्या मांडवाशी, कधी भर रस्त्यात असाच थांबतो आणि त्याच्याविषयीही नातेवाईक, शेजारी आणि काही शिक्षक हेच सांगत आले. समोरचा आडमुठा आहे असे एकदा म्हटले की कारण शोधण्याचे काम तिथेच थांबते, हे मला दवाखान्यातही दिसले आणि घरातही. ऑटिझम आणि प्राण्यांचे मन या दोन विषयांना जोडणारे बरेच संशोधन झाले आहे. त्यातले काय पटले, काय पटले नाही आणि त्याचा आमच्या घरी काय उपयोग झाला, ते सविस्तर लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते.

मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, हाक मारली तर वळून पाहत नव्हता, आणि चाकाची कोणतीही वस्तू उलटी करून चाक फिरवत बसे. "मुलगे उशिराच बोलतात" हे सर्वांनी सांगितले. कान तपासून झाले, जिभेखालची शीर दाखवून झाली, नवस झाले. निदान शेवटी नागपुरात झाले. त्या काळात माझ्या पत्नीला सर्वांत जास्त ऐकावे लागले ते तिने गरोदरपणात ग्रहण पाळले नाही म्हणून. हे अज्ञान केवळ खेड्यातले आहे असे कोणी समजू नये. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी अमेरिकेत १९४३ मध्ये ११ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध करून ऑटिझमचे तपशीलवार वर्णन केले, आणि त्यानंतर पुढची दोन दशके तिथले नामवंत तज्ज्ञ आईच्या थंड, कोरड्या वागण्यालाच दोष देत राहिले. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये त्या मताला सविस्तर उत्तर दिले; त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता.

टेम्पल ग्रँडिन हे नाव मला आधी गुरांमुळे माहीत होते, ऑटिझममुळे नंतर कळले. त्यांचा जन्म १९४७ मध्ये बोस्टन येथे झाला. लहानपणी त्या उशिरा बोलू लागल्या. किशोरवयात सावत्र वडिलांच्या बहिणीच्या ॲरिझोनातील रँचवर त्यांनी गुरांना लस देण्याचा खोडा पाहिला. दोन्ही बाजूंच्या फळ्या अंगाला सारख्या दाबाने लागल्या की बिथरलेली काही जनावरे शांत होतात, हे पाहून त्या स्वतः त्या खोड्यात शिरल्या आणि पुढे स्वतःसाठी तसेच दाब देणारे यंत्र त्यांनी बनवले. माणसाच्या मिठीचा स्पर्श त्यांना सहन होत नसे. यंत्राचा दाब मात्र किती आणि किती वेळ हवा, हे त्यांच्या हातात होते. पुढे त्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. उत्तर अमेरिकेतील जवळपास निम्मी गुरे त्यांनी आखलेल्या व्यवस्थेतून जातात असे सांगितले जाते. त्यातील मोठा भाग कत्तलखान्यांचा आहे, आणि आपल्याकडच्या अनेक वाचकांना ते खटकेल हे मी जाणतो. मलाही ते वाचणे सोपे गेले नाही. परंतु जनावराला शेवटपर्यंत भीती वाटू नये यासाठी एका व्यक्तीने आयुष्य घालवले, ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही. आणि भीतीचा प्रश्न लसीच्या खोड्यातही तोच असतो.

त्यांची पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. गुरे जिथे अडतात तिथे स्वतः उतरायचे, गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकायचे आणि तिथून काय दिसते ते पाहायचे. लोंबती साखळी, डबक्यावरची चकाकी, कुंपणावर टाकलेला कोट, ऊन आणि सावली यांच्यातील ठळक रेघ, अशा गोष्टी त्यांना तिथे सापडत.

लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाच्या एका मोहिमेत मी हे प्रथम मनापासून करून पाहिले. सकाळची वेळ होती. पहिले दोन बैल कसेबसे आत गेले, तिसरा हलेना आणि त्याच्यामागे सगळी रांग तटली. मी मालकाला कासरा सैल सोडायला सांगितले आणि बैलाच्या खांद्याशी उभा राहून त्याच्या डोक्याएवढा वाकलो. खोड्याच्या उजव्या खांबाला मोहिमेचाच फ्लेक्स सुतळीने बांधलेला होता. त्याचे खालचे एक टोक सुटले होते आणि वाऱ्याची झुळूक आली की ते लोखंडी पाइपवर फटकन आपटत होते. शेजारी पाण्याची स्टीलची बादली होती. तिच्यावरून परतलेला उन्हाचा कवडसा बरोबर खोड्याच्या आत, जिथे बैलाने पुढचा पाय टाकायचा तिथेच, थरथरत होता. शिवाय मातीची जमीन संपून सिमेंटचा ओटा सुरू होत होता, त्याची कडा सावलीमुळे काळी दिसत होती. उभ्या माणसाला यातले काहीच जाणवत नव्हते. आम्ही फ्लेक्स सोडला, बादली झाडाखाली नेली आणि ओट्याच्या कडेवर दोन टोपली कुटार (भुसा) पसरले. बैलाने मान खाली घातली, कुटाराचा वास घेतला, एक कान मागे आणि एक पुढे करून क्षणभर थांबला आणि आत गेला. मागची रांगही चालू लागली.

यात चमत्कार काही नाही. त्यामागचे शरीरशास्त्र आम्हाला महाविद्यालयात शिकवलेलेच असते. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना मान न वळवता जवळपास सभोवतालचे, सुमारे ३३० अंशांतले, दिसते. परंतु दोन्ही डोळ्यांचा एकत्रित पट्टा समोर अरुंद असतो, म्हणून खोलीचा अंदाज घ्यायला त्यांना थांबून मान खाली घालावी लागते, आणि नेमके तेव्हाच आपण मागून दटावतो. त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीनऐवजी दोन प्रकारच्या असतात. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गाईला सुमारे ३५ हजारांपर्यंतचा येतो. म्हणजे लोखंडी फाटकाची जी किरकिर आपल्याला जाणवतही नाही, ती तिच्या कानावर आदळत असते.

ऑटिझममध्ये डोळे आणि कान इतर माणसांसारखेच असतात. फरक असतो तो आलेल्या संवेदना मेंदूत कशा गाळल्या जातात यात. कॅनर यांच्या १९४३ च्या मूळ लेखातच घाबरवणाऱ्या वस्तूंची एक यादी आहे. तीत तीनचाकी सायकल, झोके, लिफ्ट, व्हॅक्युम क्लीनर, वाहते पाणी, अंडी फेटण्याचे यंत्र अशा गोष्टी आहेत, आणि वाराही आहे. तरीही निदानाच्या अमेरिकन निकषांमध्ये संवेदनांच्या या वेगळेपणाला जागा मिळायला २०१३ साल उजाडावे लागले. मधल्या ७० वर्षांत किती मुलांना हट्टी ठरवून मारले गेले असेल, याचा विचार मनाला फार त्रास देतो.

आमच्या घराजवळ पिठाची गिरणी आहे. मुलगा त्या गल्लीने जात नसे. बाजारात जायचे तर मारुतीच्या देवळामागून लांबचा फेरा घेई. गिरणीच्या मोटरचा आवाज त्याला चालत असे, कारण तशीच मोटर शेतातल्या विहिरीवर होती आणि तिच्याजवळ तो तासन् तास बसे. त्याला सहन न होणारा आवाज पट्ट्याचा होता. दळण टाकल्यावर भार आला की पट्टा क्षणभर चिरकतो आणि ते कधी होईल हे बाहेरून कळत नाही. आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याचा नेम नसणे त्याला जास्त छळते, हे समजायला गिरणीच्या दारात उभे राहून ऐकावे लागले.

पोळ्याच्या दिवशी हे दोन्ही विषय माझ्यासमोर एकत्र उभे राहतात. तोरणाखाली डफडी वाजत असतात, फटाके फुटत असतात, झुली आणि बाशिंगे घातलेल्या, डोळ्यांचे पांढरे दिसू लागलेल्या बैलांना माणसे दाटीने धरून असतात, आणि संध्याकाळी उधळलेल्या बैलामुळे झालेल्या जखमा शिवायला मला हमखास बोलावणे येते. सणावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच हे लिहितो: ज्याच्या सन्मानासाठी सण आहे, त्याच्या कानांचा विचार त्यात व्हायला हवा. मुलाला आम्ही आता तोरणाखाली नेत नाही. आदल्या दिवशीची खांदशेकणी मात्र त्याची असते. बैलाच्या खांद्याला लोणी आणि हळद तो स्वतः लावतो, एकाच दिशेने, न घाई करता, आणि आजोबांच्या सुरात म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." त्याच्या मोजक्या पूर्ण वाक्यांपैकी हे एक आहे.

इथे एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण तो आक्षेप माझ्याच घरात घेतला गेला. ऑटिस्टिक मुलाचा आणि जनावराचा विचार एकाच दमात करावा का? माझी पत्नी म्हणाली, "आपल्या लेकराला लोक ढोर म्हणतात, आणि तुम्हीही तेच लिहिणार का?" तिचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि शास्त्रही तिच्या बाजूने आहे. ग्रँडिन यांनी २००५ मध्ये असा विचार मांडला की प्राणी आणि ऑटिस्टिक व्यक्ती यांचे मन एका बाबतीत सारखे आहे: दोघांनाही तपशील कच्च्या स्वरूपात दिसतात, तर इतर माणसांना त्यांचा सारांश दिसतो, आणि काही प्राण्यांची विलक्षण कौशल्ये ऑटिझममधील विलक्षण स्मृतीसारखी असतात. २००८ मध्ये जॉर्जियो व्हॅलोर्टिगारा आणि इतर प्राणिवर्तन अभ्यासकांनी याला उत्तर दिले. हजारो बिया निरनिराळ्या ठिकाणी पुरून महिन्यांनंतर त्या शोधून काढणाऱ्या पक्ष्याची स्मृती ही त्या जातीने जगण्यासाठी घडवलेली क्षमता आहे, तिची तुलना माणसातील अपवादात्मक स्मृतीशी करता येत नाही, आणि प्राणीसुद्धा तपशिलांवरून सर्वसाधारण नियम बांधतात, असे त्यांचे म्हणणे होते. मला हे पटते. आमची म्हैस नव्या माणसाला ओळखत नाही, पण सुईची पेटी घेऊन आलेला कोणताही माणूस तिला चालत नाही. हा नियम तिने स्वतः बांधला आहे. ग्रँडिन यांनीही आपले एक जुने मत पुढे दुरुस्त केले. सर्व ऑटिस्टिक व्यक्ती चित्रांतून विचार करतात, असे त्यांना १९९५ मध्ये वाटत होते. नंतर काही चित्रांतून, काही आकृतिबंधांतून आणि काही शब्दांतून विचार करतात, हे त्यांनी मान्य केले. माझ्या मुलाचे जग मुख्यतः आवाजांचे आणि क्रमाचे आहे. चित्रांची कार्डे त्याने कधी फारशी जवळ केली नाहीत.

म्हणून त्याचे मन गुरांसारखे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. दोघांना समजून घेताना आपली जी फसगत होते ती मात्र सारखी आहे, आणि त्या फसगतीचा इतिहास फार बोलका आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा घोडा पायाने टापा देऊन बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे देत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की घोडा गणित करत नव्हता. प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या मानेची, चेहऱ्याची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल तो टिपत होता. आपल्याकडे दारावर येणारा नंदीबैल मालकाच्या इशाऱ्यावर मान डोलावतो, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. घोड्याला गणित येत नाही हे सिद्ध झाल्यावर लोकांचे कुतूहल ओसरले, पण माणसाला स्वतःलाच ठाऊक नसलेली हालचाल तो घोडा वाचत होता, ही गोष्ट मला गणितापेक्षा मोठी वाटते.

पुढे १९७८ मध्ये डेव्हिड प्रीमॅक आणि गाय वुडरफ यांनी प्रश्न विचारला, की दुसऱ्याच्या मनात काय आहे हे चिंपांझीला ओळखता येते का. प्रश्न प्राण्यांविषयीचा होता. तो १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी ऑटिस्टिक मुलांकडे नेला. दोन बाहुल्यांची गोष्ट सांगायची. एकीची गोटी तिच्या माघारी दुसऱ्या ठिकाणी लपवायची आणि ती बाहुली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल हे विचारायचे. त्या प्रयोगात २० पैकी १६ ऑटिस्टिक मुलांचे उत्तर चुकले. त्यावरून या मुलांना दुसऱ्याचे मन कळतच नाही, असा समज जगभर पसरला आणि तो आमच्यापर्यंतही डॉक्टरांच्या तोंडून आला. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञांनी त्याची दुसरी बाजू मांडली: न कळणे दोन्हीकडून असते, ऑटिस्टिक नसलेल्यांनाही ऑटिस्टिक माणसाचे मन कळत नाही, फक्त दोष एकाच्याच नावावर लिहिला जातो. २०१६ मध्ये वानरांच्या नजरेचा माग घेणारा प्रयोग झाला आणि शब्दांत उत्तर द्यायची गरज नसेल, तर चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान यांनाही दुसऱ्याचा चुकीचा समज ओळखता येत असावा असे दिसले. उत्तर द्यायची रीत बदलली आणि निष्कर्ष बदलला. बोलता न येणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा इतिहास जरूर वाचावा, असे मला कळकळीने वाटते.

माझ्या व्यवसायाने मला दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट याच वळणावरची आहे. १९६५ मध्ये ब्रिटनमधील ब्रँबेल समितीने पिंजऱ्यातील कोंबड्यांच्या सोयीचा विचार करून शिफारस केली, की षट्कोनी बारीक जाळीची जमीन पायांना त्रासदायक असल्याने ती वापरू नये आणि जाड तारेची वापरावी. समिती विद्वानांची होती, हेतू दयेचा होता. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच दोन्हींतून निवडू दिले, तेव्हा त्यांनी ती बारीक जाळीच पसंत केली. पुढे मेरियन डॉकिन्स यांनी प्राण्यांना निवडीतून प्रश्न विचारण्याची ही पद्धत विकसित केली. दोन पर्याय समोर ठेवायचे, जागा बदलून पुन्हा ठेवायचे, आणि प्राणी एखाद्या गोष्टीसाठी किती कष्ट घेतो तेही पाहायचे. बोलता न येणाऱ्या जिवांना विचारायचे कसे, यावर पशुविज्ञानाने पन्नास वर्षे घालवली आहेत. ऑटिझमचे संशोधन मात्र बहुतांशी बोलू शकणाऱ्यांवरच होत आले आहे.

घरी आम्ही हेच करू लागलो. दोन सदरे, दोन रस्ते, दोन जागा समोर ठेवायच्या. आपण कोणतीही सुचवायची नाही, आपल्या चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचे नाही, कारण हान्सची गोष्ट आमच्या लक्षात होती. निवड वहीत लिहून ठेवायची. मे महिन्यात, कूलर सुरू असताना, तो ट्रंकेवरची जाड वाकळ ओढून अंगावर घेतो, एक पुरली नाही तर दुसरी घेतो आणि मगच स्वस्थ पडतो. ब्रिटनमध्ये वजनदार पांघरुणांची रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑटिस्टिक मुलांच्या झोपेत त्या पांघरुणांनी फरक पडला नाही, पण मुलांना ती साध्या पांघरुणापेक्षा जास्त आवडली. एका डॉक्टरांनी हे वाचून मला सांगितले की मग उपयोग काय. मुलाला ती हवी आहे, हाच उपयोग मला पुरेसा वाटतो.

माझा व्यवसाय पाहून सगळे गृहीत धरतात की हा मुलगा गुरांमध्येच रमेल, आणि प्राण्यांच्या सहवासाने ऑटिझम बरा होतो असेही कोणीतरी सांगून जातो. बरा होण्याचा तो आजारच नव्हे, आणि डॉल्फिनपासून घोड्यांपर्यंत या नावाखाली महागडे उपचार विकले जातात त्यांपासून पालकांनी सावध राहावे. आम्ही त्याला गोठ्यातले काम, दूध केंद्रावरचे कॅन धुण्याचे काम आणि नात्यातल्या एकाच्या संत्र्याच्या रोपवाटिकेतले काम, असे तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या क्रमाने दाखवले. तो रोपवाटिकेकडे वळला. काळ्या पिशव्यांत माती आणि शेणखत भरायचे, तळाशी दाबायचे, रांगेत लावायचे. रांग वाकडी झाली तर तो पहिल्या पिशवीपासून पुन्हा लावतो. मालकाने सुरुवातीला त्याला हौस म्हणून येऊ दिले होते. आता पिशवीमागे इतरांना मिळतो तोच दर त्याला मिळतो, एवढे मी बोलून ठरवून घेतले आहे.

लवकरच तो अठरा वर्षांचा होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आहे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ प्रमाणे पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा आहे. त्या अर्जासोबत निवडींची ती वही मी नेणार आहे. समितीने ती मागितलेली नाही, तरीही ती फाइलमध्ये लागावी असा माझा आग्रह राहील. कारण त्या सगळ्या कागदांपैकी त्याचे स्वतःचे म्हणणे फक्त त्या वहीत आहे.